नत्राच्या हिशेबातली तूट

१८७९ मध्ये चिली, पेरू आणि बोलिव्हिया ही तीन राष्ट्रे एका वाळवंटावरून लढायला उभी राहिली. अटाकामा म्हणजे जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. झाड नाही, पाणी नाही, आणि वस्ती म्हणायची तर खाणकामगारांच्या छावण्या. पण या उजाड जमिनीत सोडियम नायट्रेटचे, म्हणजे सोऱ्याचे, थर पसरले होते आणि युरोपातल्या शेतकऱ्याला व तोफखान्याला, दोघांनाही ते हवे होते. सोरा उपसणाऱ्या कंपनीवर बोलिव्हियाने क्विंटलमागे दहा सेंटाव्होंचा कर बसवला, तेवढे निमित्त पुरले. १८८४ पर्यंत लढाई मिटली तेव्हा बोलिव्हियाने आपला सगळा समुद्रकिनारा गमावला होता आणि सोऱ्याची जमीन चिलीच्या ताब्यात गेली होती.

सोऱ्यासाठी खटपट करणे जगाला नवीन नव्हते. त्याआधीची दोन शतके बिहार हे त्याचे मोठे आगर होते. तिथले नोनिया लोक गोठ्यांभोवतीची, जुन्या भिंतींच्या पायथ्याची खारट माती खरवडत, ती पाण्यात विरघळवून गाळत, उकळत आणि सोऱ्याचे स्फटिक काढत. पाटण्याहून ईस्ट इंडिया कंपनी तो माल लंडनला पाठवत असे. फ्रान्सपाशी असे बिहार नव्हते, म्हणून १७७५ मध्ये तिथल्या राजाने बंदुकीच्या दारूचे खाते उभे केले आणि त्याच्या कारभाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला नेमले. शेण, मूत्र, चुना आणि माती यांचे ढीग रचून सोरा ‘पिकवण्याचे’ प्रयोग युरोपभर झाले. माती सोरा तयार करते, हे त्यामुळे सगळ्यांनाच ठाऊक होते. तीच माती सोरा नाहीसाही करते, ही शंका मात्र कुणाला फारशी आली नव्हती.

ती आली हिशेबातून.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बुसिंगो याने १८३० च्या दशकात अल्सास प्रांतातल्या बेशेलब्रॉन इथल्या शेतावर एक वेगळाच उद्योग आरंभला. शेतात जाणाऱ्या शेणखतातले नत्र मोजायचे, पिकातून बाहेर पडणारे नत्र मोजायचे आणि जमा-खर्च मांडायचा. शेतीकडे वाण्याच्या वहीसारखे पाहण्याची ही पद्धत लवकरच लोकप्रिय झाली. १८४३ मध्ये इंग्लंडात रॉथम्स्टेड इथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी ब्रॉडबॉक नावाच्या शेतात दरवर्षी गहूच पेरायला सुरुवात केली. एका पट्ट्याला दरसाल हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत, दुसऱ्याला निव्वळ रासायनिक खत, तिसऱ्याला काहीच नाही. १८४९ मध्ये पट्ट्यांखालून निचऱ्याचे नळ घातले गेले आणि पुढे त्यांतून येणाऱ्या पाण्याचेही पृथक्करण होऊ लागले. तो प्रयोग आजही चालू आहे. पिकाने किती नत्र घेतले, जमिनीत किती उरले, पाण्याबरोबर किती गेले, हे सगळे मांडूनही खर्चाची बाजू जमेला मिळेना. जितके जास्त शेणखत, तितकी मोठी तूट.

कुजणाऱ्या शेणातून आणि मांसातून नत्रवायू सुटतो, हे ज्यूल रेझे याने १८५६ मध्ये दाखवले होते. पण तो कसा सुटतो? त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांच्या लेखी माती हे एक निर्जीव पात्र होते. पात्रात क्रिया घडतात, पात्र स्वतः काही करत नाही.

हा समज मोडणारा माणूस फ्रान्सच्या सरकारी तंबाखू खात्यात नोकरीला होता. तेओफिल श्लोसिंग याच्याकडे तंबाखूची रसायने तपासण्याचे काम होते. आंबणाऱ्या तंबाखूच्या रसातून नत्राची ऑक्साइडे बाहेर पडतात, हे त्याने १८६८ मध्ये नोंदवले. १८७३ मध्ये त्याने ओलसर माती बंद भांड्यात कोंडून ठेवली. आतला ऑक्सिजन संपला, त्यापाठोपाठ मातीतले नायट्रेटही संपले आणि भांड्यात नत्रवायू वाढलेला सापडला. निरीक्षण अचूक होते, पण करविता कोण हे कळले नव्हते.

त्याचे उत्तर पॅरिसच्या सांडपाण्यातून आले. शहराची घाण जेनव्हिलिएच्या शेतांवर सोडली तर ती शुद्ध होते का, असा प्रश्न तेव्हा गाजत होता. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि आशिल म्युंट्झ यांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी थेंबाथेंबाने झिरपू दिले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती, तर पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तसे नायट्रेट बंद झाले. क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरी ते बंदच. मग थोडी ताजी माती पाण्यात कालवून वर ओतली आणि काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा येऊ लागले. नळीत काहीतरी जिवंत होते. ते मेले होते आणि त्याची नव्याने पेरणी झाली होती. एकोणिसाव्या शतकातल्या प्रयोगांत इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच सापडेल.

आता उलटा प्रश्न विचारणे भाग होते. सोरा घडवणारे जिवंत असतील, तर मोडणारेही जिवंतच असतील का?

१८८२ मध्ये या प्रश्नावर फ्रान्समध्ये दोन जोड्या एकाच वेळी भिडल्या. ग्रिन्यों इथल्या शेतकी विद्यालयातला पिएर-पॉल देहेरँ आणि त्याचा सहकारी माकेन यांनी श्लोसिंगचाच प्रयोग पुढे नेला. माती तापवली की नायट्रेट टिकते, क्लोरोफॉर्म दिला की टिकते, पण नुसती कोंडली की नाहीसे होते, हे त्यांनी दाखवले. सुटणाऱ्या वायूत नत्रवायूबरोबर नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला लोक हसवणारा वायू म्हणत तोही, त्यांना सापडला.

दुसरी जोडी बोर्डोची. उलिस गेयों हा पाश्चरच्या हाताखाली शिकलेला, आणि गॅब्रिएल द्युपती त्याचा तरुण सहकारी. त्यांनी सांडपाण्यात सोरा मिसळला आणि तो झपाट्याने नाहीसा होताना पाहिला. मग कोंबडीच्या रश्शात सोरा घालून त्यात त्या पाण्याचा थेंब टाकला. रस्सा गढूळ झाला, फेसाळला आणि सोरा संपला. एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे विरजण लावत ते पुढे गेले आणि अखेर जिवाणूंचे दोन शुद्ध वाण त्यांच्या हाती आले. १८८६ मध्ये त्यांनी जो मोठा प्रबंध छापला त्यात विनायट्रीकरणाचा, म्हणजे नायट्रेट मोडून त्याचा वायू होण्याच्या क्रियेचा, जवळजवळ सगळा सांगाडा आहे. कोणता वाण किती नत्रवायू देतो, किती नायट्रस ऑक्साइड देतो, त्याला खाद्य काय लागते, हवा मिळाली तर काय होते, हे सगळे. मुख्य म्हणजे नायट्रेटमधला ऑक्सिजन जातो कुठे, हेही त्यांनी ओळखले. जिवाणू त्या ऑक्सिजनने आपले अन्न जाळतात आणि कर्बवायू बाहेर टाकतात.

याच वर्षांत गेयों दुसऱ्याही एका कामात गुंतला होता आणि त्या कामाने त्याला जास्त नाव मिळवून दिले. मेदोक भागात रस्त्यालगतच्या द्राक्षवेलींवर वाटसरूंनी हात मारू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडत. त्या वेलींवर केवडा येत नाही, हे पिएर मियार्दे याच्या नजरेस आले आणि गेयोंच्या रसायनाच्या मदतीने त्याने १८८५ मध्ये त्याचे प्रमाण पक्के केले. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार आणि कोकणातला सुपारीवाला ज्याला आजही बोर्डो मिश्रण म्हणतो, ते हेच. त्या फवाऱ्यातले तांबे विनायट्रीकरणाच्या कथेत शंभर वर्षांनी पुन्हा येणार होते, पण त्याचा गेयोंला काही पत्ता असण्याचे कारण नव्हते.

प्रत्यक्षात काय घडते? मातीतले असंख्य जिवाणू तुमच्या-आमच्यासारखेच ऑक्सिजनवर श्वास घेतात. जमीन वाफशावर असते तेव्हा कणांच्या फटींत हवा खेळती असते आणि सगळे सुरळीत चालते. जोराचा पाऊस पडला, फटी पाण्याने भरल्या की ऑक्सिजन तुटतो. बरेच जिवाणू तिथे अडतात. काहींच्या अंगी मात्र पर्यायी सोय असते. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेऊन श्वास चालू ठेवतात. पहिल्या पायरीला नायट्रेटचे नायट्राइट होते, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नत्रवायू. प्रत्येक पायरीला वेगळे विकर लागते. सगळ्या जिवाणूंपाशी चारही विकरे असतातच असे नाही, म्हणून कुणी वाटेतच थांबतो आणि अर्धवट तयार झालेला वायू हवेत सोडून देतो. पाणी साचलेले, नायट्रेट हाताशी, खायला कुजके काडीकचऱ्याचे कर्ब आणि थोडी ऊब असे जमून आले की काम वेगाने होते. ऑक्सिजन परत आला की हेच जिवाणू तो पर्याय सोडून नेहमीच्या श्वासावर येतात, कारण त्यात ऊर्जा अधिक मिळते.

गेयों-द्युपतीचा प्रबंध तज्ज्ञांच्या वर्तुळात राहिला. शेतकऱ्यापर्यंत विषय पोचला तो नऊ वर्षांनी, आणि भीतीच्या रूपाने.

जर्मनी तोवर चिली सोऱ्याचा सर्वांत मोठे गिऱ्हाईक बनू लागला होता. बीटाच्या साखरेची शेती सोऱ्यावर उभी होती आणि प्रत्येक पोते समुद्र ओलांडून, रोख पैसे मोजून येत होते. अशा वेळी, १८९५ मध्ये, डार्मश्टाटच्या प्रयोगकेंद्रातल्या पाउल वाग्नर याने कुंड्यांतल्या प्रयोगांचे निष्कर्ष जाहीर केले. सोऱ्यासोबत ताजी घोड्याची लीद मातीत घातली, तर पीक वाढण्याऐवजी घटते. लीद आणि पेंढ्यातले जिवाणू सोरा हवेत उडवून लावतात! पेंढ्यावर असे जिवाणू असतात हे पॅरिसच्या ब्रेआल याने १८९२ मध्येच दाखवले होते. बॉनमध्ये बुरी आणि श्टुट्झर यांनी त्याच १८९५ साली लिदीतून आणि पेंढ्यातून जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यातला एक बाकी कुणाची मदत न घेता एकट्यानेच नायट्रेटचा पूर्ण फडशा पाडत होता. आरोपीच हाती लागल्यासारखे झाले.

मग गहजब उडाला. हजारो वर्षे ज्याला जमिनीचे अन्न मानले, ते शेणखत एकाएकी संशयित ठरले. खत घालण्याआधी त्यावर सल्फ्युरिक आम्ल ओतून जिवाणू मारावेत, अशाही सूचना पुढे आल्या. एकदा जंतूंची भीती समाजात रुजली की ती कुठवर जाते, याचा हा एक नमुनाच. कॉख आणि पाश्चर यांनी क्षय, पटकी, रेबीज यांच्यामागचे सूक्ष्म जग नुकतेच लोकांसमोर मांडले होते. शेतातही तसाच एखादा शत्रू असणार, हे मानायला माणसे तयारच होती.

या हलकल्लोळाला इंग्लंडातून उत्तर दिले रॉबर्ट वॉरिंग्टन याने. हा रॉथम्स्टेडचा जुना माणूस. श्लोसिंग-म्युंट्झ यांच्या शोधाची खातरजमा त्याने स्वतः केली होती, त्यामुळे जिवाणूंवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. १८९७ मध्ये त्याने विनायट्रीकरण आणि शेणखत या विषयावर लेख लिहून एक साधा मुद्दा पुढे केला. कुंडीत घातलेल्या लिदीचे प्रमाण शेताच्या क्षेत्राला लावून पाहा. कोणताही शुद्धीवरचा शेतकरी इतके खत कधी टाकत नाही, आणि टाकले तरी त्याच दिवशी वर सोरा पसरत नाही. ब्रॉडबॉकच्या पट्ट्यावर अर्धशतक शेणखत पडत होते आणि गहू उत्तम येत होता. पुढच्या काही वर्षांत जर्मन प्रयोगशाळांतूनही एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. कुंड्यांतून जे नत्र ‘उडाले’ असे वाटले, त्यातले बरेचसे हवेत गेलेच नव्हते. पेंढ्यावर ताव मारणाऱ्या जिवाणूंनी ते स्वतःच्या शरीरात साठवून ठेवले होते. ते मेले की नत्र पिकाला परत मिळणार होते, फक्त थोड्या उशिराने. कच्चे खत घालू नये, कुजवून घालावे, हा आपल्याकडचाही जुना सल्ला त्यातून रसायनशास्त्राच्या आधाराने उभा राहिला.

भीती ओसरली, पण त्यातून एक नुकसान झाले. पुढची दोन-तीन दशके विनायट्रीकरण हा शेतीच्या पुस्तकांत जवळजवळ तळटिपेचा विषय झाला. शत्रू म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. शत्रू नाही म्हटल्यावर त्याच्याकडे पाहायचे कशाला, अशी वृत्ती पसरली. श्टुट्झरच्या नावाने ओळखला जाणारा तो जिवाणू मात्र प्रयोगशाळांत टिकून राहिला आणि आजतागायत या विषयातल्या सर्वांत अभ्यासलेल्या जीवांपैकी एक आहे.

दरम्यान निसर्गाचा मोठा हिशेब जुळत आला होता. १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र घेतात हे सिद्ध केले, १८८८ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या मार्टिनस बायरिंक याने त्या गाठींतले जिवाणू वेगळे केले आणि १८९० मध्ये विनोग्राद्स्की याने नायट्रेट घडवणारे. हवेतून जमिनीत येण्याची वाट सापडली, पण परत जाण्याची वाट नसती तर जमिनीत शिरलेले नत्र पाण्यावाटे समुद्रात साचत गेले असते आणि हवेतला साठा घटत राहिला असता. ती परतीची वाट म्हणजे विनायट्रीकरण. वाग्नरला जी गळती वाटली, तिच्यामुळे पृथ्वीची वही जुळत होती. बायरिंक आणि मिंकमन यांनी १९१० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. जिवाणू नायट्रस ऑक्साइड नुसता सोडतच नाहीत, तर तो श्वासासाठी वापरूनही टाकतात. साठ वर्षांनी हीच बाब निर्णायक ठरणार होती. त्याच डेल्फ्टमध्ये १९२० च्या दशकात आल्बर्ट क्लायव्हर याने नायट्रेटवरचा हा श्वास आणि ऑक्सिजनवरचा श्वास मुळात एकाच घडणीचे आहेत, अशी मांडणी केली आणि सगळा प्रकार जीवरसायनशास्त्रात आपल्या जागी बसला.

गव्हाच्या शेतात जी गोष्ट अपवादाने घडते, ती भाताच्या खाचरात रोज घडते. म्हणून पुढचे खरे काम आशियात झाले, हे ओघानेच आले. भाताला नायट्रेटचे खत मानवत नाही, अमोनियाचे मानवते, हे टोकियोत नागाओका याने १९०४ च्या सुमारास दाखवले होते. १९१३ मध्ये कोइंबतूरच्या शेतकी महाविद्यालयात डब्ल्यू. एच. हॅरिसन आणि पी. ए. सुब्रमण्य अय्यर यांनी भातखाचरांतून येणारे बुडबुडे गोळा करून तपासले. त्यांत मिथेन होता आणि नत्रवायूही भरपूर होता. भारतातल्या मृदाविज्ञानाच्या इतिहासात या दोघांना जितकी जागा मिळायला हवी, तितकी मिळालेली नाही.

कोडे पूर्ण सोडवले ते जपानच्या मात्सुसाबुरो शिओइरी याने, १९३० आणि १९४० च्या दशकांत. खाचरातला चिखल वरून एकसारखा दिसतो, पण त्याचे दोन थर असतात. पाण्याला लागून असलेल्या वरच्या पातळ थराला पाण्यातला ऑक्सिजन मिळतो, म्हणून तो तपकिरी असतो. खालचा थर ऑक्सिजनविना राखाडी-निळसर पडतो. शेतकरी अमोनियाचे खत वर फेकतो. वरच्या थरातले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते विरघळून खालच्या थरात उतरते आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. दोन्ही थर आपापले काम चोख करतात आणि मधल्या मध्ये खत गडप होते! यावर शिओइरीने सुचवलेला उपाय सरळ होता. खत पहिल्यापासूनच खालच्या थरात घालावे. तिथे ऑक्सिजन नाही म्हणून नायट्रेट बनणार नाही, आणि नायट्रेट नाही म्हणून वायूही होणार नाही. युद्धामुळे खतटंचाई सोसणाऱ्या जपानला ही युक्ती नेमकी हवी होती.

कोकणातल्या शेतकऱ्याला हे वाचून ओळखीचे वाटेल. डॉ. एन. के. सावंत यांनी रुजवलेल्या ‘चारसूत्री’ भातलागवडीत चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. अडीच-तीन ग्रॅमची ती गोळी वाकून वाकून खोचताना कंबर मोडते, ही तक्रार खरी आहे आणि पद्धत सर्वदूर पसरली नाही याचे एक कारण तेच. पण तिच्यामागचे शास्त्र शिओइरीच्या दोन थरांचेच. पुढच्या संशोधनात असेही दिसले की उन्हात तापलेल्या खाचरातून थेट अमोनिया उडण्याचे प्रमाण अनेक ठिकाणी विनायट्रीकरणाहून मोठे असते. खोल खोचलेली गोळी त्यालाही आळा घालते.

१९५० नंतर मोजमापाची साधने बदलली. नत्राचा जड समस्थानिक खुणेसारखा वापरता येऊ लागला, तसे खतातला अणू नेमका कुठे गेला हे पाहता येऊ लागले. १९५४ मध्ये वायलर आणि डेल्विच यांनी खुणेचे नायट्रेट मातीत घालून वायूंचा क्रम टिपला. आम्लधर्मी मातीत क्रिया नायट्रस ऑक्साइडपाशी रेंगाळते आणि चुन्याच्या मातीत नत्रवायूपर्यंत जाते, हे त्यांच्या नोंदींत स्पष्ट आहे. अमेरिकी शेती खात्यातल्या फ्रँकलिन ॲलिसन याने १९५५ मध्ये मातीतल्या नत्राच्या ताळेबंदाला ‘कोडे’ म्हणणारा लेख लिहिला. एवढी वर्षे, एवढी साधने, तरीही थोडी तूट उरतच होती. एक अडचण तर मुळातच होती. हवेत ७८ टक्के नत्रवायूच असताना मातीतून निघालेला चिमूटभर नत्रवायू ओळखायचा कसा? १९७६ मध्ये कॅनडात योशिनारी आणि नोल्स यांनी यावर एक तोड काढली. ॲसिटिलीन, म्हणजे वेल्डिंगवाले वापरतात तोच वायू, मातीत सोडला की शेवटची पायरी अडते आणि सगळे नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपात अडकून पडते. ते मोजणे सोपे. याच वर्षी अमेरिकेतल्या एका गटालाही तेच दिसले.

शहरांच्या अभियंत्यांनी तोवर या जिवाणूंशी दोस्ती केली होती. पिण्याच्या पाण्यातल्या जास्त नायट्रेटने तान्ही मुले निळी पडतात, हे १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून पुढे आले. नद्या-तलावांत शेवाळ माजत होते ते वेगळेच. मग सांडपाणी प्रकल्पांत हवा सोडणाऱ्या टाकीबरोबर मुद्दाम हवेवाचूनची टाकी बांधू लागले. शेतकरी ज्यांना हुसकावू पाहत होता, त्यांना इथे पाळायचे होते. १९९५ मध्ये डेल्फ्टच्या एका कारखान्याच्या सांडपाण्यात तर अमोनिया आणि नायट्राइट एकत्र करून नत्रवायू सोडणाऱ्या वेगळ्याच जिवाणूंचा पुरावा मिळाला. असे जीव असायला हवेत, हे ऑस्ट्रियाच्या एंगेलबर्ट ब्रोडा याने १९७७ मध्ये कागदावर गणित मांडून आधीच सांगितले होते.

सर्वांत मोठा धक्का मात्र वरून आला. १९३९ मध्ये ॲरिझोनातल्या लोवेल वेधशाळेत आर्थर ॲडेल याला सूर्यप्रकाशाच्या अवरक्त वर्णपटात नायट्रस ऑक्साइडचे पट्टे दिसले. म्हणजे तो वायू हवेत आहे. ब्रिस्टलमध्ये हम्फ्री डेव्हीने १८०० च्या आसपास जो वायू हुंगून मित्रांसह हसून घेतले होते, तोच. पुढे तीस वर्षे त्या माहितीचे कुणी फारसे काही केले नाही. पॉल क्रुत्झन हा मूळचा पुलांचा अभियंता. स्टॉकहोम विद्यापीठाच्या हवामान विभागात संगणकाची आज्ञावली लिहिण्याच्या नोकरीवर तो लागला आणि तिथेच ओझोनच्या रसायनाकडे वळला. १९७० मध्ये त्याने मांडले की मातीतले जिवाणू सोडतात तो नायट्रस ऑक्साइड खालच्या हवेत विघटित होत नाही. तो सावकाश वर चढतो, स्थितांबरात त्याचे नायट्रिक ऑक्साइड होते आणि ते ओझोनचा नाश करते. गेयोंच्या रश्शातल्या फेसाचा आणि आकाशातल्या ओझोनचा संबंध जुळला. क्रुत्झनला १९९५ मध्ये मोलिना आणि रोलंड यांच्यासोबत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आणि तांबे? १९८० च्या दशकात जर्मनीत वाल्टर झुम्फ्ट यांच्या गटाने श्टुट्झरच्या जिवाणूतले ते शेवटचे विकर हाती धरले, नायट्रस ऑक्साइडचा नत्रवायू करणारे. त्याच्या गाभ्यात तांब्याचे अणू होते. तांबे न मिळाल्यास जिवाणू शेवटची पायरी चढू शकत नाही आणि माती आम्ल असली तर ते विकर नीट घडतच नाही. वायलर आणि डेल्विच यांना १९५४ मध्ये आम्ल मातीत जे दिसले होते, त्याचे स्पष्टीकरण पुढे असे विकराच्या घडणीत निघाले.

औद्योगिक युगाआधी हवेत नायट्रस ऑक्साइड अब्जात सुमारे २७० भाग होता. आज तो ३३५ च्या पुढे गेला आहे आणि या वाढीचा मोठा वाटा शेतीतल्या खतांचा आहे. तो शंभराहून अधिक वर्षे हवेत टिकतो आणि वजनास वजन धरले तर शतकभराच्या काळात कर्बवायूच्या अडीचशेहून अधिक पट उष्णता अडवतो. फ्रिजमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंवर बंदी आल्यानंतर, आता आपण सोडत असलेल्या वायूंमध्ये ओझोनला सर्वांत जास्त हानी पोचवणारा हाच आहे, हे मूळचे म्हैसूरचे ए. आर. रविशंकर आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले.

इथे वॉरिंग्टनचा निकाल पुन्हा तपासावा लागतो. शेतकऱ्याच्या वहीत तो बरोबरच होता. हवामान बदलाचे हिशेब मांडताना जो ढोबळ आकडा धरतात, त्यानुसार शेतात टाकलेल्या शंभर किलो नत्रापैकी साधारण एक किलो नायट्रस ऑक्साइडच्या रूपात जाते. या एका किलोने कुणाचे पीक बुडत नाही, खताचे बिलही वाढत नाही. म्हणूनच तो थांबवायला शेतकऱ्यापाशी स्वतःचे असे कारण नसते, आणि तो थांबवण्याची धोरणे बहुधा दुसऱ्याच कुठल्या कारणाच्या आडोशाने येतात. २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे केले. त्याने नायट्रेट बनण्याचा वेग मंदावतो आणि पुढची गळतीही कमी होते. पण सक्तीमागे अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये हाही मोठा हेतू होता. आम्ल जमिनीला चुना देणे, पाणी साचू न देणे, हे उपाय जुनेच आहेत, आता त्यांच्याकडे हवेच्या बाजूनेही पाहतात. आणि प्रयोगांत असेही दिसले आहे की ओले शेणखत व नायट्रेटचे खत एकाच वेळी शेतात पडले तर नायट्रस ऑक्साइड उसळून येतो. त्यामुळे युरोपातल्या शेतकऱ्यांना आता दोन्हींमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवा असे सांगितले जाते. डार्मश्टाटच्या कुंड्यांत वाग्नरने नेमकी हीच दोन खते एकत्र घातली होती.